डोळा राखून खुडावं

नोव्हेंबर सरत आला की लातूर-नांदेडकडच्या हरभऱ्याच्या रानात सकाळी सकाळी बायका वाकलेल्या दिसतात. पानांवर दव असतं आणि त्या दवात हरभऱ्याची आंब उतरलेली असते. ही आंब म्हणजे मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल. बोटं चुरचुरतात, पण हात थांबत नाहीत. प्रत्येक झाडाचा कोवळा शेंडा नखानं टिपायचा, ओटीत टाकायचा आणि पुढच्या झाडाकडे वळायचं. त्याची संध्याकाळी लसणाची फोडणी दिलेली भाजी होते. जास्तीची वाळवून डब्यात भरून ठेवली तर उन्हाळ्यात कामाला येते. रानाचा मालक याला नाही म्हणत नाही. पेरणीनंतर साधारण महिन्याभरानं, फुलं येण्याआधी शेंडा खुडला तर हरभरा बाजूनं फुटतो, फांद्या वाढतात आणि घाटेही वाढतात, हे त्याला ठाऊक असतं. तुरीचंही तेच. लातूर हे डाळीचं गाव, इथल्या तुरीच्या शेतकऱ्याला शेंडे खुडणी नव्यानं समजावून सांगावी लागत नाही. आता तर त्यासाठी बॅटरीवर चालणारी यंत्रंही निघाली आहेत.

गंमत अशी की रानात इतकं शहाणपणानं खुडणारी माणसं घरच्या कुंडीपाशी आली की ते सगळं विसरतात. तुळशीची खालची मोठी पानं एकेक करून ओढली जातात. कढीपत्त्याची फांदी खालून वर सोलून काढली जाते. गवती चहाचा मधला कोंब हिसकला जातो, कारण तो हाताला मऊ लागतो. पुदिना मुळासकट उपटून येतो आणि मग ‘आमच्याकडे पुदिना जगतच नाही’ असं वर्षभर सांगितलं जातं. माती वाईट, बोअरचं पाणी खारट, ऊन फार, अशी कारणं निघतात. मराठवाड्यात ती खोटीही नसतात. तरी माझ्या मते परसबागेतली निम्मी झाडं उन्हानं कमी आणि चुकीच्या जागी खुडल्यानं जास्त मरतात.

जागेचा हा प्रश्न समजून घ्यायला उसासारखा शिक्षक नाही. मांजरा नदीच्या काठानं ऊस लावणारा कोणताही शेतकरी टिपरी हातात घेतली की आधी डोळा पाहतो. पेरावर बसलेला तो फुगीर कोंब शाबूत असेल तर टिपरी उगवणार, ठेचला गेला असेल तर लागवड वाया. हाच डोळा तुळशीला असतो, पुदिन्याला असतो, कढीपत्त्यालाही असतो. फक्त तो इतका बारीक असतो की पाहायची सवय नसेल तर दिसत नाही. पान जिथं खोडाला चिकटतं तिथं, देठाच्या वरच्या बाजूच्या बेचक्यात तो झोपलेला असतो. पुढची फांदी तिथूनच येणार असते. म्हणून खुडायचं ते या डोळ्याच्या जरा वर, आणि डोळा झाडावर राखून.

डोळा झोपलेला का असतो? शेंडा त्याला झोपवून ठेवतो म्हणून. शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि खोडातून खाली वाहत राहतं. जोवर ते वरून येतंय, तोवर खालचे डोळे बहुतांशी गप्प राहतात. झाड उंच होतं, पण भरत नाही. 1930च्या दशकात केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग या दोघा शास्त्रज्ञांनी बाकल्याच्या झाडावर हे दाखवून दिलं. त्यांनी शेंडा छाटला तेव्हा बाजूचे डोळे फुटले. कापलेल्या टोकावर ऑक्सिन लावलं तेव्हा, शेंडा नसतानाही, ते पुन्हा दबून राहिले. बरीच वर्षं गोष्ट एवढ्यावरच मिटलेली होती. 2014मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी वाटाण्यावर प्रयोग करून तिच्यात भर घातली. शेंडा छाटल्यावर खालचे डोळे काही तासांतच हालचाल करू लागतात, खोडातलं ऑक्सिन तिथवर कमी व्हायच्या कितीतरी आधी. कारण साखर. वाढता शेंडा पानांनी बनवलेली बहुतेक साखर स्वतःकडे ओढून घेतो. तो गेला की ती साखर खालच्या डोळ्यांकडे वळते आणि ते जागे होतात.

या दुसऱ्या शोधातून परसबागेसाठी एक फार उपयोगी गोष्ट निघते. डोळ्यांना फुटायला साखर लागते आणि साखर करतात पानं, तीही मोठी, जून, खालची पानं. म्हणजे शेंडा खुडणं आणि खालची मोठी पानं झाडावर राहू देणं, या दोन गोष्टी जोडीनं कराव्या लागतात. आपण नेमकं उलटं करतो. चहात टाकायला मोठं पान बरं म्हणून खालची पानं ओढतो आणि शेंडा जपतो. झाडाची कमाई गेली, डोळेही झोपलेलेच राहिले, आणि उघड्या काठीवर वर चार पानं घेऊन तुळस उभी राहते. अशा तुळशी नांदेडच्या प्रत्येक गल्लीत दिसतील.

तुळस, पुदिना आणि सब्जा ही तिन्ही एकाच कुळातली. ओळखायची खूण म्हणजे चौकोनी खोड आणि समोरासमोर जोडीनं आलेली पानं. जोडी असल्यामुळे डोळेही जोडीनं, आणि एका जागी खुडलं की तिथून दोन फांद्या फुटतात. रोप वीतभर झालं, चार-पाच जोड्या आल्या की वरच्या दोन जोड्यांसकट शेंडा घ्यावा आणि तिसऱ्या जोडीच्या किंचित वर थांबावं. दोन फांद्या वाढल्या की त्यांचेही शेंडे घ्यावेत. दोनाच्या चार, चाराच्या आठ, असं दोन-तीन महिन्यांत झुडूप भरतं. कुंडीतल्या तुळशीला यापेक्षा वेगळी युक्ती लागत नाही.

तुळशीची मंजिरी मात्र अनेक घरांत नेमानं काढली जाते. मंजिरी वाळली की तुळशीला भार होतो, असं जुन्या बायका म्हणतात, आणि वनस्पतिशास्त्राला त्यात खोट काढता येत नाही. फुलं आणि बी धरायला लागलं की झाडाचा सगळा जोर तिकडे जातो, नवी पानं लहान येतात आणि फांद्या काष्ठासारख्या कडक होऊ लागतात. मंजिरी हिरवी असतानाच, खालच्या पानांच्या एका जोडीसकट काढली तर उत्तम. नुसता तुरा चिमटला तर खालचा देठ वाळून राहतो. एक-दोन मंजिऱ्या मात्र बीसाठी आणि मधमाश्यांसाठी राहू द्याव्यात. तुळस कितीही सांभाळली तरी ती अमर नाही. दोन-तीन वर्षांनी खोड पोकळ व्हायला लागतं, तेव्हा शेजारी नवं रोप तयार असलेलं बरं.

तुळशीला रविवारी हात लावू नये, द्वादशीला पान तोडू नये, दिवेलागणीनंतर तर नाहीच, नखानं खुडू नये, असे नेम बऱ्याच घरांत पाळतात. यामागचा धार्मिक अर्थ ज्याचा त्याने घ्यावा. झाडाच्या बाजूनं पाहिलं तर या नेमांमुळे रोजच्या तोडीत आपोआप खंड पडतो, आणि रोज थोडं थोडं ओरबाडल्या जाणाऱ्या झाडाला या खंडाची फार गरज असते.

पुदिन्याची गोष्ट थोडी वेगळी. त्याचं खरं घर जमिनीलगत असतं. त्याची धावती खोडं मातीवरून आणि मातीखालून पसरत जातात आणि पेरापेराला मुळं धरतात. त्यामुळे वरची काडी दोन-तीन बोटं ठेवून सपाट कापली तरी पुदिना रागावत नाही, उलट पंधरा-वीस दिवसांत नवा, कोवळा, कमी कडवट येतो. कात्री न वापरता मूठभर धरून ओढलं की मात्र धावतं खोडच वर येतं आणि तेवढ्या जागेतला पुदिना संपतो. जुन्या घरांत पुदिना न्हाणीच्या पाण्यावर लावलेला असायचा. सावली आणि ओल, दोन्ही तिथं फुकट मिळायचं. आता साबण आणि शाम्पूचं पाणी थेट त्याला देऊ नये एवढंच. बाजारातल्या जुडीतल्या चार ताज्या काड्या पाण्याच्या पेल्यात ठेवल्या तरी आठवड्याभरात मुळं फुटतात, त्यामुळे मेलेल्या पुदिन्याचं दुःख फार दिवस करायचं कारण नाही.

आता कढीपत्ता. मराठवाड्यात अंगण असलेल्या घरात तो नाही असं क्वचितच होतं, आणि त्याच्याइतके हाल दुसऱ्या झाडाचे होत नाहीत. येणारा-जाणारा एक काडी ओढतो, शेजारचं पोर दोन ओढून नेतं, आणि झाड पाहता पाहता गच्चीला टेकतं. पानं वर, माणसं खाली. मग काठीला आकडी बांधून फांद्या मोडायच्या.

यात दोन गैरसमज आहेत. आपण ज्याला कढीपत्त्याचं पान म्हणतो, ते खरं तर पानाचा एक तुकडा आहे, पर्णिका. मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना अशा दहा-वीस पर्णिका असलेली अख्खी काडी म्हणजे एक पान. डोळा असतो तो या काडीच्या बुडाशी, फांदीच्या बेचक्यात. पर्णिकेच्या बुडाशी काहीच नसतं. त्यामुळे फोडणीपुरत्या चार पर्णिका सुट्या तोडल्या की उघडा देठ वाळून गळतो आणि नवं काही फुटायची चालनाही मिळत नाही. दुसरं म्हणजे काडी खाली ओढून तोडली की तिच्याबरोबर फांदीची साल सोलून येते, आणि त्या सालीबरोबर डोळाही जातो. काडी घ्यायचीच तर कात्रीनं, बुडाशी अगदी बारीक खुंट ठेवून.

त्याहून बरं म्हणजे काडी न घेता शेंडाच घेणं. फांदीचं वरचं चार-पाच पानांचं टोक एका पानाच्या जरा वर कापलं की खाली दोन-तीन फुटवे येतात. व्यापारी लागवडीत रोप साधारण मीटरभर झालं की शेंडा छाटतात आणि पाच-सहा फांद्या राखून झुडूप करतात. मग कापणी कमरेच्या उंचीवर बसते, शिडी लागत नाही. अंगणातला जुना, उंच झालेला कढीपत्ताही असा खाली आणता येतो, फक्त एकदम नाही. एका हंगामात एक जाड फांदी कंबरेएवढी छाटायची, ती फुटली की पुढच्या हंगामात दुसरी. हे काम उन्हाळ्याच्या तोंडाशी, नवी पालवी हलायला लागते तेव्हा करावं, किंवा पहिला चांगला पाऊस पडून गेल्यावर. डिसेंबर-जानेवारीत लातूरला रात्री थंडी चांगलीच पडते, तेव्हा कढीपत्ता पिवळा पडतो, पानं गाळतो आणि गप्प बसतो. लोक घाबरून खत घालतात, छाटतात. त्याला तेव्हा काहीही नको असतं. पाणीसुद्धा बेतानंच.

अंगणातल्या कढीपत्त्यावर कधी तरी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, आणि नंतर गर्द हिरवी होणारी अळी सापडते. ती लिंबाच्या फुलपाखराची. लिंबू आणि कढीपत्ता एकाच कुळातले, त्यामुळे ती दोन्हीकडे पोसते. मोठ्या झाडाला चार अळ्यांनी काही होत नाही. लहान रोपावरच्या उचलून मोठ्या झाडावर ठेवाव्यात. आपल्या ओरबाडण्यापेक्षा त्यांचं खाणं नीटस असतं, त्या पानं कुरतडतात, डोळ्याला धक्का लावत नाहीत.

शेंडा खुडायचा हा नियम गवती चहाला लावला तर फसगत होते. ते गवत आहे. गवताचं वाढीचं ठिकाण वर टोकाला नसतं, खाली बुडाशी, पानांच्या आवरणात दडलेलं असतं. म्हणून तर गुरांनी चरलेलं कुरण पुन्हा वाढतं. गवती चहाची पात जमिनीपासून अर्धी वीत ठेवून कितीही वेळा कापली तरी चालते; पण बुडाचा पांढरट, मऊ भाग कापला किंवा मधला कोंब ओढून काढला की तो फुटवा संपला. कडेची जुनी पात आधी घ्यावी, तिला वासही भरपूर असतो. पात हातानं ओढू नये, कडा धारदार असतात, बोट चिरतं. तीन-चार वर्षांनी गड्डा मधून वाळायला लागतो. तेव्हा पावसाळ्याच्या सुरुवातीला तो उपटून, फोडून, कडेचे फुटवे पुन्हा लावले की एका गड्ड्याचे दहा होतात आणि शेजाऱ्यांची सोय होते.

कोरफड तिसऱ्याच जातीची. नवी पानं अगदी मध्यातून येतात, जुनी बाहेर सरकत जातात. त्यामुळे घ्यायचं ते सगळ्यात बाहेरचं, खालचं, जाड पान, पूर्ण बुडापासून. अर्धं कापलेलं पान झाडावर सडतं. कापल्यावर पान थोडा वेळ उभं ठेवून त्यातला पिवळा चीक गळू द्यावा. तो जुलाब करणारा असतो, गर्भवतींनी तर त्याच्या वाटेला जाऊ नये. पानओव्याचं खोड रसाळ आणि ठिसूळ, त्याला नखानं टिपलेला शेंडा पुरतो आणि खुडलेला तुकडा मातीत खोचला तर तोही जगतो. अडुळसा इतका दणकट की त्याच्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

मग कोथिंबीर. इथं आतापर्यंतचं सगळं बाजूला ठेवावं लागतं. कोथिंबिरीचं आयुष्य एका हंगामाचं. उगवायची, पानं करायची, फुलायची, धणे धरायचे आणि मरायचं. तिला कायमची राखता येत नाही, फक्त लांबवता येते. लातूर जिल्ह्याला हे सांगायला बाहेरच्यांनी येऊ नये; इथल्या कास्ती कोथिंबिरीला 2024मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि बोरसुरीच्या तूरडाळीला मिळालं त्याच सुमारास. शेतकरी कोथिंबीर मुळासकट उपटतो आणि जुडी बांधतो, यात झाडाचं नुकसान वगैरे काही नाही. जुडी ताजी राहते ती मुळांमुळे, आणि रान पुढच्या पिकाला मोकळं होतं.

घरी मात्र चार कुंड्या असतात आणि रोज चिमूटभर लागते. तिथं उपटणं परवडत नाही. कोथिंबिरीची पानं सुरुवातीला जमिनीलगत, एका मध्यबिंदूभोवती चक्राकार येतात. कडेची लांब देठाची पानं बुडापासून कापत जावीत आणि मधला बारीक कोंब शिवू नये. तो शाबूत असेपर्यंत तीन-चार तोडे मिळतात. एक दिवस मधून दांडा उठतो, वरची पानं बडीशेपेसारखी बारीक होतात. त्या दिवसानंतर कितीही खुडलं तरी ती पूर्वीची रुंद पानं परत येत नाहीत. मार्चनंतरच्या उन्हात हा दांडा फार लवकर येतो. उपाय खुडण्यात नाही, पेरण्यात आहे. दर पंधरा दिवसांनी एक कुंडी पेरावी आणि उन्हाळ्यात ती दुपारच्या सावलीत ठेवावी. धणा अख्खा पेरू नये. एका धण्यात दोन बिया असतात, चपलेच्या तळव्यानं हलके रगडून तो दुभंगला की उगवण लवकर आणि दाट होते.

मेथी दोन पेरं ठेवून कापली तर एकदा पुन्हा फुटते, पण दुसऱ्या तोड्याची मेथी कडू होते आणि घरातले नाकं मुरडतात. उपटावी हेच बरं. शेपूचंही तसंच. करडईची भाजी ही तर मुळात विरळणीतूनच आलेली. दाट उगवलेल्या रोपांतली जास्तीची उपटायची, ती भाजीला, उरलेली तेलबियांना. उशीर झाला की पानांना काटे येतात आणि भाजीचा विषय संपतो.

अंबाडी मात्र पुन्हा हरभऱ्याच्या बाजूची. देगलूर, बिलोली, धर्माबाद या तेलंगणाला लागून असलेल्या तालुक्यांत तिचं महत्त्व सांगायला नको. सीमेपलीकडे तिलाच गोंगुरा म्हणतात. बांधावरच्या अंबाडीचे शेंडे खुडले की ती आडवी पसरते आणि भाजीला महिनोन्‌महिने पुरते. पूर्वी दोरासाठी अंबाडी लावणारे याच्या बरोबर उलट करायचे. दाट पेरायचे आणि शेंड्याला हात लावू द्यायचे नाहीत, कारण फांद्या फुटलेल्या अंबाडीचा वाख आखूड निघतो. एकच झाड, एकच शेंडा. भाजी हवी की दोर, यावर खुडणं ठरायचं.

किती खुडावं, याचं ढोबळ माप म्हणजे एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त हिरवं काढू नये आणि नवी फूट बोटभर वाढल्याशिवाय पुन्हा हात लावू नये. पण हे माप पाण्यावर अवलंबून आहे, आणि मराठवाड्यात पाण्याचं काय सांगावं. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. 12 एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या आणि पाणी होतं सुमारे पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात ज्यांच्या कुंड्या जगल्या, त्या भांडी विसळलेल्या पाण्यावर जगल्या. पाण्याचा ताण पडला की पानावरची सूक्ष्म छिद्रं मिटतात. पाणी वाचतं, पण हवा आत येणं थांबतं आणि साखर बनणंही थांबतं. झाड तेव्हा साठवणीवर दिवस काढत असतं. अशा वेळी मोठा तोडा घेतला तर नवे कोंब फोडण्यासाठी उरलीसुरली साठवण खर्च होते, आणि ते कोंब चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात करपतात. काही जण सांगतात, पानं कमी केली की पाणी कमी लागतं. ते आठवडाभरापुरतं खरं आहे, पुढे महागात पडतं. मे महिन्यात माझ्या मते फक्त मंजिऱ्या, फुलं आणि पिवळी पानं काढावीत. फोडणीला लागेल तेवढाच कढीपत्ता. मोठे तोडे जुलै ते ऑक्टोबर. तेव्हा झाड इतक्या जोरात असतं की खुडलं नाही तरच ते बिघडतं.

जुन्या वैद्यांनी हा हिशेब वेगळ्या भाषेत मांडलेला आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधी वनस्पती कधी गोळा कराव्यात याचं कोष्टकच आहे. कोवळ्या फांद्या आणि पानं वर्षा आणि वसंतात, मुळं ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद आणि चीक शरदात, गाभा हेमंतात, फुलं-फळं ज्याच्या त्याच्या ऋतूत. त्या ग्रंथाला काळजी औषधाच्या गुणाची होती, झाडाच्या तब्येतीची नव्हे. तरी पानांसाठी सांगितलेले दोन्ही ऋतू नेमके झाड पुन्हा फुटायच्या वेळचे आहेत. नांदेडला सरकारी आयुर्वेद महाविद्यालय आणि आयुर्वेद-युनानी रसशाळा असल्यानं तिथल्या लोकांना हे ऐकून माहीत असण्याची शक्यता जास्त.

दिवसातली वेळही तशीच महत्त्वाची. तुळस, पुदिना, गवती चहा यांचा वास म्हणजे उडून जाणारं तेल. तुळशी-पुदिन्यात ते पानाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींत साठलेलं असतं. दव वाळल्यावर आणि ऊन चढायच्या आधी खुडलं तर तेल पानात असतं आणि झाडातही पाणी भरलेलं असतं. पावसाची झड चालू असताना मात्र खुडू नये. ओल्या जखमेतून बुरशी शिरते, आणि काळ्या मातीच्या कुंडीत पाणी साचलेलं असेल तर मूळही सडायला लागलेलं असतं.

हत्यार म्हणाल तर कोवळ्या शेंड्याला नख पुरतं, काडीला कात्री हवी आणि बोटाएवढ्या फांदीला छाटणीची कात्री. धार महत्त्वाची, कारण ठेचलेलं टोक मागे वाळत जातं आणि वाटेतला डोळा घेऊन मरतं. पानमळ्यात विड्याची पानं खुडणारे अंगठ्याला धातूची नखी लावतात ती याच कारणानं. पान देठासकट स्वच्छ सुटतं आणि वेलीला ओढ बसत नाही. माहूरला रेणुकामातेच्या प्रसादाचा तांबूल कुटतात, त्यासाठी लागणाऱ्या पानांमागेही असली कितीतरी खुडणी असते. घरी नागवेल असेल तर पानं खालून वर घ्यावीत, जून आधी. वरची चार-पाच पानं आणि चढता शेंडा वेलीसाठी सोडावा.

गुळवेलीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण करोनाच्या काळात तिच्यावर लोक अक्षरशः तुटून पडले. कडुलिंबावर चढलेली वेल मुळापासून कापून नेल्याची उदाहरणं तेव्हा गावोगावी दिसली. औषधात खोड लागतं, मूळ नाही. अंगठ्याएवढ्या जाडीच्या खोडाचा मधला हात-दीड हात तुकडा घ्यावा, खालचं जमिनीलगतचं खोड गुडघ्याएवढं तसंच ठेवावं. वर लोंबकळत राहिलेली वेल मेली असं समजून ओढून काढू नये. तिच्यातून दोऱ्यासारखी हवाई मुळं सुटतात आणि जमिनीपर्यंत पोचली की वेल पुन्हा जोडली जाते. गुळवेलीसारखीच दिसणारी, पण खोडावर दाट गाठी असणारी दुसरी जात आहे, ती औषधाची नव्हे. आणि खरी गुळवेलसुद्धा वैद्याला विचारूनच घ्यावी. रोज सकाळी काढा पिण्यात शौर्य नाही, काहींच्या यकृताला त्यानं त्रास झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे.

तोडा घेतल्यावर झाडाला काहीतरी परत द्यावं लागतं, कारण पानांबरोबर आपण नत्र उचलून नेलेलं असतं. जमिनीतल्या झाडाला हे फारसं जाणवत नाही, कुंडीतल्याला लगेच जाणवतं. मोठ्या तोड्यानंतर मूठभर कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत वरच्या मातीत मिसळावं आणि पाणी द्यावं. ताजं शेण नको, मुळं भाजतात. ताक, चहाचा चोथा, तांदळाचं धुवण यांवर लोकांची फार श्रद्धा आहे. धुवण चालतं, साखर-दुधाच्या चहाचा चोथा न धुता घातला तर मुंग्या आणि बुरशी येतात, आणि ताकाचं मला तरी पटलेलं नाही.

पावसाळ्यात खुडलेलं घरात मावत नाही इतकं होतं, तेव्हा ते सावलीत वाळवावं. कढीपत्ता पंख्याखाली दोन-तीन दिवसांत कुरकुरीत होतो आणि शेंगदाण्याच्या चटणीत किंवा येसरात वर्षभर चालतो. पुदिना आणि गवती चहा जुडी बांधून उलटे टांगले की पुरतं. उन्हात वाळवलं तर रंगही जातो आणि वासही. कोथिंबीर मात्र वाळवू नये, तिची नुसती पेंढी होते. ती वड्या करून संपवावी.